पृथ्वीगोल घेताना आधी किरिबास शोधा

शाळेसाठी किंवा घरातल्या मुलांसाठी तीस सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्यायचा असेल, तर आम्ही घेतलेला गोल जरूर घ्या. फक्त पैसे देण्याआधी तो फिरवून पॅसिफिक महासागर समोर आणा आणि विषुववृत्तावर किरिबास हा छोटा देश शोधा. मी या गोलाला पाचपैकी चार तारे देते. पाचवा तारा का कापला, ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तो दोष दुकानात पटकन दिसत नाही आणि वर्गात मात्र रोज दिसतो.

मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात भूगोल शिकवते. आधीचा गोल जुना झाला होता, त्याच्यावर सोव्हिएत संघ अजून शाबूत होता. या वर्षी पालक-शिक्षक संघाने पैसे काढले आणि मी म्हापशाच्या बाजारातल्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानात गेले. दुकानदार भला माणूस. त्याने तीन-चार प्रकारचे गोल खोक्यांतून बाहेर काढून काउंटरवर ठेवले आणि एकावर बोट ठेवून म्हणाला, ‘हो बरो आसा टीचर, भुरग्यांक आवडटलो.’ त्याने दाखवला तोच मी शेवटी घेतला, तीन हजारांच्या आसपास पडला. पण घेण्याआधी सगळ्या गोलांची एकच परीक्षा घेतली: किरिबास कसा दाखवलाय?

लिहिताना किरिबाती, तिथले लोक म्हणतात किरिबास. वर्गात मी तिथल्या लोकांचंच ऐकते. ३३ बेटांचा हा देश १२ जुलै १९७९ ला ब्रिटनपासून स्वतंत्र झाला. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तर जेमतेम ८११ चौरस किलोमीटर भरते. आपला गोवा ३,७०२. म्हणजे गोव्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. पण ही बेटं पसरलीत कुठवर? पश्चिमेला गिल्बर्ट बेटं, मध्ये फिनिक्स बेटं, पूर्वेला लाइन बेटं. राजधानीचं तारावा ते पूर्वेकडचं किरितिमाती हे अंतर तीन हजार किलोमीटरपेक्षा जास्त आहे. विषुववृत्त या देशातून जातं आणि १८० अंशांचं रेखावृत्तही जातं. चारही गोलार्धांत जमीन असलेला जगातला हा एकमेव देश. ज्या नकाशा करणाऱ्याने हा देश नीट मांडला, त्याने बाकीचं जगही मन लावून मांडलं असणार, असा माझा अनुभव आहे. युरोप आणि अमेरिका सगळ्यांनाच बरोबर काढता येतात. कारागिरी कळते ती समुद्रात.

आधी भिंतीवरच्या नकाशाबद्दल, कारण बहुतेक शाळांत तोच असतो. आमच्या वर्गातल्या जगाच्या नकाशात आफ्रिका मध्यावर आहे आणि पॅसिफिक मधोमध कापलेला आहे. त्यामुळे गिल्बर्ट बेटं नकाशाच्या उजव्या कडेला आणि लाइन बेटं डाव्या कडेला जातात. एकाच देशाचे दोन तुकडे, मध्ये अख्खं जग. मुलांना बोटाने दाखवायला सांगितलं की ती दोन वेगवेगळे देश दाखवतात, आणि नकाशा बघता त्यात त्यांची काहीच चूक नाही. म्हणून गोल लागतोच. सपाट कागदावर हा देश दिसू शकत नाही, असं नाही. पॅसिफिक मध्यभागी ठेवलेला नकाशा मिळतो, पण तो मागवून घ्यावा लागतो. बाजारात सहज मिळत नाही.

आता मुख्य दोष. प्लास्टिकचा गोल दोन अर्ध्या वाट्या जोडून तयार होतो, उत्तर आणि दक्षिण. जोड येतो बरोबर विषुववृत्तावर, आणि तो झाकायला वरून एक छापील पट्टी चिकटवतात. या गोलावर ती पट्टी तीन मिलीमीटर रुंद आहे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तीस सेंटीमीटरच्या गोलावर एक मिलीमीटर म्हणजे साधारण साडेबेचाळीस किलोमीटर. तीन मिलीमीटरच्या पट्टीखाली सव्वाशे किलोमीटर रुंदीचा समुद्र जातो, विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साठ-साठ किलोमीटरपेक्षा जास्त. किरिबासची अबेमामा, कुरिया आणि अरानुका ही तीन माणसांनी वसलेली बेटं नेमकी तिथेच आहेत. पट्टीखाली ती गडप झालीत. शेजारचा नाउरू हा स्वतंत्र देश, त्याचा ठिपकाही पट्टीच्या कडेखाली गेलाय, नाव तेवढं वर तरंगतं. तारावा दीडेक अंश उत्तरेला असल्यामुळे वाचलं.

हीच पट्टी ब्राझीलमधून जाते, काँगोतून जाते, सुमात्रा-बोर्निओतून जाते. तिथे फारसं बिघडत नाही, जंगलाचा थोडा भाग झाकला जातो एवढंच. अबेमामाचं मात्र अस्तित्वच जातं. मोठ्या भूखंडाला सोसेल तेवढी जाडी लहान बेटाला सोसत नाही, हे गोल तयार करणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं. पट्टी एक मिलीमीटरची करता येते. दुकानातल्या एका महागड्या गोलावर जोड इतका सफाईदार होता की पट्टी नव्हतीच, विषुववृत्ताची रेघ सरळ कागदावर छापलेली होती. त्याची किंमत आमच्या आवाक्यातली नव्हती.

दोष सांगितला, आता गुण सांगते, आणि गुण मोठा आहे. या गोलावर वाररेषा, म्हणजे जी ओलांडली की वार बदलतो ती रेषा, बरोबर काढली आहे.

दुकानातल्या स्वस्त, वीस सेंटीमीटरच्या गोलावर वाररेषा १८० अंशांवरून किरिबासच्या पोटातून सरळ खाली आणली होती, आणि किरितिमातीसमोर ‘ख्रिसमस बेट’ लिहून कंसात ब्रिटनचं नाव होतं. म्हणजे तो नकाशा १९७९ च्या आधीचा, रंग तेवढे नवे दिलेले. कॅप्टन कुक २४ डिसेंबर १७७७ ला तिथे पोचला म्हणून ते जुनं नाव. स्वातंत्र्याच्याच वर्षी तारावात करार झाला आणि अमेरिकेने फिनिक्स आणि लाइन बेटांवरचा आपला जुना दावा सोडला. तो करार १९८३ मध्ये अमलात आला. हे सगळं न कळलेला गोल आजही मुलांच्या वाढदिवसाला भेट म्हणून विकला जातोय.

वाररेषेची गोष्ट अशी. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा रेषा देशाच्या मधून जात होती. तारावात सोमवार तेव्हा किरितिमातीत रविवार. किरितिमातीत शुक्रवार तेव्हा तारावात शनिवार. दोन्हीकडची सरकारी कार्यालयं एकमेकांशी बोलू शकत होती आठवड्यातले चारच दिवस. म्हणून राष्ट्राध्यक्ष तेबुरोरो तितो यांच्या सरकारने १९९४ संपून १९९५ सुरू होताना पूर्वेकडच्या बेटांचा एक दिवस कॅलेंडरमधून काढून टाकला आणि सगळा देश एका वारावर आणला. तेव्हापासून नकाशावर वाररेषा पूर्वेकडे साधारण १५० अंश पश्चिम रेखांशापर्यंत भला मोठा वळसा घेते. आमच्या गोलावर तो वळसा ठळक लाल तुटक रेघेने काढलाय आणि लाइन बेटं पूर्ण आत घेतली आहेत. एवढ्या किमतीच्या गोलावर हे मला अपेक्षित नव्हतं.

हा वळसा वर्गात काय कमाल करतो ते सांगते. सोमवारी सकाळी आठ वाजता आमची प्रार्थना होते. त्या वेळी तारावात दुपारचे अडीच वाजलेले असतात, किरितिमातीत साडेचार. आता बोट किरितिमातीवरून सरळ उत्तरेला सरकवा. गोलावर पाच सेंटीमीटरवर हवाई बेटांतलं होनोलुलू लागतं, जवळपास त्याच रेखावृत्तावर. तिथेही दुपारचे साडेचारच वाजलेत. फक्त तिथे रविवार आहे. घड्याळ तेच, सूर्य आकाशात तिथेच, वार वेगळा. पाठ्यपुस्तकातली वाररेषेची व्याख्या पाठ करूनही जे डोक्यात शिरत नाही, ते या पाच सेंटीमीटरमध्ये शिरतं. ‘टीचर, मग वार माणसांनी ठरवला?’ असं आठवीतल्या एका मुलाने विचारलं. हो, माणसांनी ठरवला, आणि एका छोट्या देशाने आपल्या सोयीने तो बदलूनही घेतला.

गोलाचा दुसरा गुण म्हणजे तिन्ही बेटसमूहांची नावं वेगळी छापलीत आणि प्रत्येकाखाली देशाचं नाव दिलंय. स्वस्त गोलांवर देशाचं नाव फक्त गिल्बर्टवर असतं, बाकीची बेटं अनाथ. एक मात्र राहिलं: समुद्रातली हद्द दाखवलेली नाही. आणि माझ्या मते हा देश शिकवायचा तर तीच दाखवायला हवी.

मी ती हद्द स्वतः करून घेते. ट्रेसिंग पेपरवर किरिबासच्या सागरी क्षेत्राचे तीन तुकडे काढायचे (तीन बेटसमूहांभोवतीचे हे तुकडे एकमेकांना लागून नाहीत) आणि ते कापून गोलावर भारतावर ठेवायचे. अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणून, म्हणजे जिथल्या माशांवर त्याचाच हक्क आहे असा, या देशाच्या वाट्याला सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्र येतो. भारताचा भूभाग ३२.८७ लाख. सपाट नकाशावर ही तुलना कुठे कागद ठेवता त्यावर बदलते, गोलावर बदलत नाही. तीन तुकडे मिळून भारताला झाकून वर थोडे उरतात. आणि याच देशाची सगळी जमीन या गोलाच्या मापाने काढली, तर अर्धा चौरस मिलीमीटरही भरत नाही. गोल बनवणाऱ्याने जे ठिपके काढलेत ते खऱ्या बेटांपेक्षा कितीतरी मोठे आहेत, नाहीतर दिसलेच नसते.

हे कळलं की मुलं निळ्या रंगाकडे वेगळं बघायला लागतात. तो निळा रंग रिकामा नाही, तो देश आहे. त्या पाण्यात ट्यूना मासा आहे आणि परदेशी जहाजांना मासेमारीचे परवाने देऊन मिळणारा पैसा हा किरिबास सरकारच्या उत्पन्नाचा सगळ्यात मोठा भाग आहे. शेजारच्या देशांबरोबर मिळून ते जहाजांना दिवसाच्या हिशेबाने परवाने विकतात. एल निनोच्या वर्षी गरम पाणी पूर्वेकडे सरकतं, त्याच्यामागे मासा सरकतो, आणि कुठल्या देशाच्या तिजोरीत किती येणार तेही सरकतं. आपल्याकडे जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात, तेव्हा बाजारात बांगड्याला काय भाव येतो हे बघितलेल्या मुलांना समुद्राचं अर्थकारण वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गोलासोबत एक रंगीत पुस्तिका मिळते. प्रत्येक देशाला एक-दोन ओळी. पुस्तिका एकंदर बरी आहे, चारही गोलार्धांचा मुद्दा तिने दिलाय. पण किरिबासची दुसरी ओळ म्हणजे ‘हा देश लवकरच समुद्रात बुडणार आहे’. ही ओळ मी मुलांना खोडायला लावली आणि शेजारी नीट लिहायला सांगितलं. का, ते सांगते.

बनाबा सोडलं तर किरिबासची बेटं कंकणद्वीपं किंवा प्रवाळखडकांवरची बेटं आहेत. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडलं की ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं, त्याच्या काठाला लागलेलं प्रवाळ मात्र प्रकाशासाठी वर वाढत राहतं, आणि शेवटी डोंगर पाण्याखाली जाऊन वर फक्त प्रवाळाचं कडं आणि मधलं उथळ लगून उरतं. शंभरहून जास्त वर्षांनी, १९५२ मध्ये, मार्शल बेटांतल्या एनिवेटोकवर भोक पाडलं तेव्हा बाराशे मीटरपेक्षा जास्त प्रवाळाखाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक लागला. आपल्यालाही हे परकं नाही. लक्षद्वीप याच जातीचं. अशी जमीन साधारण दोन-तीन मीटर उंच असते आणि ती स्थिर दगडाची नसते. लाटा एका बाजूने वाळू नेतात, दुसरीकडे आणून टाकतात. आर्थर वेब आणि पॉल केंच यांनी २०१० मध्ये पॅसिफिकमधल्या २७ बेटांची जुनी हवाई छायाचित्रं आणि नवी चित्रं ताडून बघितली, त्यात तारावातली बेटंही होती. बहुतेक बेटं क्षेत्रफळात तेवढीच राहिली होती किंवा वाढली होती. समुद्र वाढत असताना.

म्हणजे धोका नाही असं नाही. धोका आधी पाण्याला आहे. अशा बेटावर नदी नसते, ओढा नसतो. पडलेला पाऊस वाळूत आणि प्रवाळात मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा भिंगाच्या आकाराचा थर तरंगत राहतो. विहीर त्यातली. तारावात ला निनाच्या (एल निनोच्या उलट्या स्थितीच्या) काळात पाऊस महिनोन्महिने दडी मारतो आणि तो थर पातळ होत जातो. मोठ्या भरतीला लाट बेटावरून गेली की वरून खारं पाणी मुरतं. दक्षिण तारावाच्या पंधरा-सोळा चौरस किलोमीटरच्या चिंचोळ्या पट्टीवर साठ हजारांहून जास्त माणसं राहतात, देशाच्या एकूण लोकसंख्येच्या निम्म्याहून अधिक. त्यांचा सांडपाण्याचा भारही त्याच थरावर. जमीन जाग्यावर असेल आणि विहीर खारट झाली असेल, तर तिथे राहायचं कसं? प्रश्न हा आहे, आणि ‘बुडणार’ या एका शब्दात तो दिसत नाही.

माझं माहेर चोडणचं. खाजन शेताचा, म्हणजे खाडीकाठच्या भातशेताचा, बांध फुटला, मानशीची (भरतीचं पाणी अडवणाऱ्या मोरीची) दारं वेळेवर लागली नाहीत आणि खारं पाणी आत आलं, तर काय होतं ते मी लहानपणापासून बघत आले. शेत बुडत नाही, भरती ओसरते, शेत तिथेच असतं. पण मीठ मागे राहतं आणि पुढचे हंगाम कोरगुट या मीठ सोसणाऱ्या जातीशिवाय दुसरं भात धरत नाही, कधी कधी तेही नाही. किरिबासमध्ये लोक बाबाई नावाचा मोठा अळू लावतात, आपल्या अळवाच्याच कुळातला. त्यासाठी खड्डा खणतात, थेट त्या गोड्या पाण्याच्या थरापर्यंत, आणि पालापाचोळ्याचं खत घालून वर्षानुवर्षं एकेक कंद वाढवतात. खारं पाणी आत आलं की आधी हे खड्डे मरतात. नारळ टिकतो जरा जास्त. तिथेही माडाची पोय बांधून, छेदून रस काढतात, ताजा पितात, आंबवूनही पितात. रेंदेराचं, म्हणजे माडी काढणाऱ्याचं, काम करणारी माणसं पॅसिफिकच्या मध्यावर आहेत हे ऐकून मुलांच्या चेहऱ्यावर जी ओळख उमटते, ती कुठल्याच पुस्तिकेतून येणार नाही.

पुस्तिकेने राष्ट्राध्यक्ष अनोते तोंग यांच्या सरकारने फिजीत जमीन घेतल्याचं मात्र बरोबर दिलंय. २०१४ मध्ये वानुआ लेवू बेटावर ती जमीन घेतली.

आता बनाबा. गोलावर विषुववृत्ताच्या किंचित खाली, गिल्बर्टच्या पश्चिमेला एक ठिपका आहे. ठिपका पट्टीतून वाचलाय, पण त्याला नाव दिलेलं नाही. मला या गोलाचं सगळ्यात जास्त दुःख याचं आहे, अबेमामापेक्षाही. बनाबा हे या देशातलं एकमेव उंच बेट, समुद्रातून वर उचललं गेलेलं प्रवाळ, माथा ऐंशी मीटरच्या वर, क्षेत्रफळ सहाएक चौरस किलोमीटर. तिथे १९०० मध्ये फॉस्फेट सापडलं आणि लगेच खाण सुरू झाली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांना खत लागत होतं. खाण १९७९ पर्यंत चालली. बेटाचा बहुतेक पृष्ठभाग खरवडून नेला, मागे उरले प्रवाळाचे उघडे सुळके, ज्यांच्यामध्ये झाड लागत नाही आणि माणूस चालू शकत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने लोकांना इतर बेटांवर पांगवलं होतं. युद्ध संपल्यावर, डिसेंबर १९४५ मध्ये, ब्रिटिशांनी त्यांना गोळा करून घरी नेलं नाही, फिजीमधल्या राबी बेटावर नेऊन वसवलं. आजही बनाबाची बहुतेक माणसं राबीवर राहतात, बनाबावर काही शे. राबीवरच्या बनाबन लोकांसाठी किरिबासच्या संसदेत एक जागा राखून ठेवलेली आहे. देशाचा राखीव निधी उभा राहिला तो याच फॉस्फेटच्या पैशांतून, १९५६ मध्ये.

डिचोलीच्या मुलांना हे सांगताना मला आवाज वाढवावा लागत नाही. त्यांच्या घरांच्या मागे लोहखनिजाच्या खाणींतून टाकलेल्या लाल मातीचे डंप आहेत. कुणाचे वडील ट्रक चालवायचे, कुणाचा काका बार्जवर होता. २०१२ ला खाणी बंद पडल्या, पुन्हा २०१८ ला पडल्या, तेव्हा घरात काय झालं ते या मुलांच्या मोठ्या भावंडांनी भोगलंय. खाण चालू असताना विहीर आटली आणि बंद पडल्यावर हप्ते थकले, दोन्ही खरं. बनाबाचा धडा ती एकाच बाजूने ऐकत नाहीत. ‘त्यांना पैसे मिळाले का?’ हा पहिला प्रश्न असतो आणि ‘आता परत जाता येतं का?’ हा दुसरा. पैसे मिळाले, फार थोडे. परत गेलेले आहेत, फार थोडे. ज्या ठिपक्यावरून एवढं बोलता येतं, त्याला नाव हवं. मी बारीक पेनने लिहिलंय, पण मुलांच्या बोटांनी ते पुसलं जातं आणि पुन्हा लिहावं लागतं.

बाकी वस्तू म्हणून गोल कसा आहे, ते थोडक्यात. कण्याचा कल साडेतेवीस अंशांचा बरोबर आहे. धातूची कमान अर्धी आहे, पूर्ण कडं नाही, त्यामुळे दक्षिण गोलार्ध खाली वाकून बघावा लागतो. न्यूझीलंड दाखवताना गोल उचलून धरलेला बरा. फिरतो छान, ना फार सैल ना फार घट्ट. नावं सगळी इंग्रजीत आहेत. मराठी नावांचा गोल मला त्या दुकानात मिळाला नाही, आणि पाचवीच्या मुलांसाठी तो असायला हवा असं मला मनापासून वाटतं. मापाची चौकट आणि कंपनीचं चिन्ह आग्नेय पॅसिफिकमध्ये छापलंय, त्याखाली फ्रेंच पॉलिनेशियाचा काही भाग गेलाय. चौकट दक्षिण महासागरात, खाली, सहज मावली असती.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक खास सूचना: कागद चिकटवलेला गोल घेऊ नका. आमच्या जुन्या गोलाला पावसाळ्यात बुरशी धरायची आणि कागदाच्या फाकी कडेने उचलल्या जायच्या, आफ्रिकेचा पश्चिम किनारा असाच गेला. या गोलाचा पृष्ठभाग गुळगुळीत, लॅमिनेट केलेला आहे, ओल्या फडक्याने पुसता येतो. कमानीला मात्र गंज धरेल असं दिसतं, म्हणून मी खोबरेल तेलाचं बोट फिरवते. बैठक लाकडी आहे, ओल असलेल्या भिंतीपासून लांब ठेवा.

आतून दिवा लागणारा गोल बघितला, वायर कच्ची वाटली, शाळेत नको. उठावाचा गोलही बघितला, ज्यावर हिमालय बोटाला लागतो. मुलांना तो लगेच आवडतो. पण तीस सेंटीमीटरच्या गोलावर एव्हरेस्टची खरी उंची मिलीमीटरचा पाचवा भाग कशीबशी येते. तिथे अर्ध्या सेंटीमीटरचा डोंगर उभा केला की दोन मीटर उंचीच्या बेटाबद्दल बोलायला आधारच उरत नाही. दिसायला साधा असला तरी सपाट गोलच घ्या.

गोल तयार करणाऱ्यांना मी पत्र पाठवलंय. विषुववृत्तावरची पट्टी निदान १७० पूर्व ते १७६ पूर्व एवढ्या भागात अरुंद करावी किंवा त्या पट्टीवरच अबेमामा, कुरिया, अरानुकाचे ठिपके छापावेत. नाउरूचा ठिपका वर आणावा. बनाबाला नाव द्यावं. चौकट खाली न्यावी. पुस्तिकेतली ती ओळ बदलावी, आणि नवी ओळ काय असावी तेही लिहून दिलंय. पुढच्या छपाईत यातलं पट्टीचं आणि बनाबाचं काम झालं, तर पाचवा तारा मी आनंदाने देईन. तोवर ज्यांना हाच गोल घ्यायचाय त्यांनी दुकानात दोन-तीन नग काढून बघावेत. पट्टी हाताने चिकटवलेली असते, त्यामुळे प्रत्येक गोलावर ती थोडी वर-खाली बसते. आमच्या दुकानदाराने दाखवलेल्या एका नगावर नाउरू पूर्ण दिसत होता, पण त्यावर तारावाच्या नावाची शाई फुटलेली होती, म्हणून तो मी परत ठेवला.